व्हॅन उलटी चढली तो दिवस

माझी भाजीची व्हॅन महिनाभर झटके मारत होती. दोन मेकॅनिकांनी हात लावून झाला होता, आणि पोहरादेवीची यात्रा दुसऱ्या दिवसावर आली होती. यात्रेतल्या लोकांना जेवण घालणाऱ्या एका मंडळाने माझ्याकडे वांगी, टमाटे, मिरच्या आणि सांबार सांगितला होता. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. पहाटे निघून सकाळी चुली पेटायच्या आत पोचायचं, असा शब्द मी दिला होता. आणि शब्द मी दिला होता, नवऱ्याने नाही, म्हणून तो मला जास्तच टोचत होता.

शेलूबाजारपासून जवळच आमचं वावर आहे. सोयाबीन आणि तूर नवऱ्याकडे, विहिरीजवळचा भाजीचा तुकडा माझ्याकडे. व्हॅनही माझ्याकडेच. नवरा ट्रॅक्टर दिवसभर चालवील, पण डांबरी रस्त्यावर समोरून ट्रक आला की त्याचे हात गार पडतात. त्यामुळे जुनी पेट्रोल व्हॅन घेतली तेव्हा शिकायची पाळी माझ्यावर आली. चाळिशीच्या उंबरठ्यावर मी गाडी शिकले, मागची सीटं काढून टाकली आणि तिथे कॅरेट रचायला लागले. तेव्हापासून तिचा आवाज माझ्या कानात इतका बसला, की विहिरीवरच्या मोटारीइतकाच तो मला ओळखीचा झाला.

म्हणून ती बिघडली तेव्हा सगळ्यात आधी मला कळलं. रिकामी असली की व्हॅन मुकाट्याने चालायची. माल भरला, चढ लागला आणि मी रेस दिली, की कोणी मागून पदर धरावा तशी अडायची. मग सुटायची. मग परत अडायची. मागे टमाटे एकमेकांवर आपटायचे, समोर पिवळा दिवा लागायचा, आणि चढ संपला की तो कधी आपसूक विझायचा, कधी तसाच राहायचा.

पहिल्या मेकॅनिकने प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. फरक पडला नाही. दुसऱ्याकडे स्कॅनर होता. त्याने तो गाडीला जोडला, पडद्यावरची ओळ वाचली आणि म्हणाला, "ताई, थ्रॉटल पोझिशन सेन्सर. तुम्ही रेस किती दाबली ते हा इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो. हाच खराब आहे." मी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. आगपेटीएवढा काळा तुकडा, त्याला तीन वायरी. एक पाच व्होल्ट घेऊन येते, एक अर्थिंगची, आणि तिसरी निरोप परत घेऊन जाते, एवढं त्याने मला समजावून सांगितलं. चांगला पोरगा होता, विचारलं की सांगायचा. त्याने नवा सेन्सर बसवला. दोन दिवस मी हलक्या मालाने बाजार केला आणि खूश राहिले. तिसऱ्या दिवशी गाडी भरली आणि पहिल्याच चढावर झटका बसला. त्याने दुसरा सेन्सर लावून पाहिला. तेच. मग तो म्हणाला, "आता कॉम्प्युटरच बदलावा लागेल."

मी घरी येताना सारखी एकच गोष्ट घोळवत होते. दोन नवे सेन्सर जुन्यासारखेच, त्याच चढावर, त्याच ओझ्याला खराब कसे निघतील?

तर यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी मी आणि नवऱ्याने वांगी तोडली आणि अर्धी गाडी भरली. म्हटलं, एकदा पाहू तरी, कितपत साथ देते. आमची पांदण जिथे डांबरी रस्त्याला मिळते तिथे छातीवर येईल असा चढ आहे. लांबी फार नाही, पण उभा. मी पहिल्या गियरमध्ये रेस दिली. अर्ध्यावर झटका, झटका, आणि गाडी बंद. मागे येऊन परत घेतलं. परत तेच. तिसऱ्यांदा प्रयत्न करणार तोच वरून शेजाऱ्याचा ट्रॅक्टर खाली उतरला. त्याला वाट द्यायला मी व्हॅन बाजूच्या रुंद जागेत घातली आणि वळवली. ट्रॅक्टर गेला तेव्हा व्हॅनचं तोंड वावराकडे आणि पाठ चढाकडे झाली होती.

आता परत वळवायचा मला कंटाळा आला. राग पण आला होता. तशीच रिव्हर्स टाकली, मान मागे वळवली आणि रेस दाबली.

व्हॅन चढली. एका दमात! नवरा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करत हात हलवत होता, आणि त्याचा हात हलायचा थांबला तरी मी चढतच होते. वर डांबरी रस्त्यावर येऊन थांबले. झटका नाही, दिवा नाही, काही नाही.

मी लगेच खाली उतरवली, वळवली आणि सुलटी चढवून पाहिली. झटका. परत खाली नेली, उलटी चढवली. साफ. पुन्हा सुलटी, पुन्हा झटका. पुन्हा उलटी, पुन्हा साफ. नवरा धावत आला.

"अवं, सारे लोक पाहून राह्यले! काहून वर-खाली करून राह्यली तू?"

"तुमी पाह्यलं का? उलटी चढते ना! एकदाबी अडकत नाई!"

"मग उलटीच जाजो पोहरादेवीले," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मी मात्र हसले नाही. मला पक्कं वाटत होतं की गाडीने मला काहीतरी सांगितलं आहे. काय ते कळत नव्हतं, पण सांगितलं होतं हे नक्की.

मी दुसऱ्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, रिव्हर्समध्ये स्पीड कमी असते म्हणून तसं वाटतं. मी म्हटलं, ओझं तेच, रेस तीच, पहिल्या गियरचा वेगही तेवढाच. तो म्हणाला, आज तीन गाड्या उघडून पडल्यात, परवा या. परवा म्हणजे यात्रा संपल्यावर.

तेव्हा मला शेलूबाजारचे जीपवाले काका आठवले. हे जीपवाले म्हणजे जीप चालवणारे नव्हेत, जीपची वायरिंग करणारे. जीप थांबतात तिथे कडुनिंबाखाली त्यांचं दुकान. सेल्फ, डायनामो, हॉर्न, दिवे, एवढीच कामं. साठी ओलांडलेले, चष्म्याला काळा दोरा बांधलेला. त्यांनी एकदा माझा हॉर्न नीट करून दिला होता, तेवढीच ओळख. वांगी उतरवून आम्ही झाडाखाली ओल्या पोत्यांनी झाकली, कारण रिकामी व्हॅन चालायची, आणि मी एकटीच शेलूबाजारला निघाले.

काका बशीतून चहा पीत होते. मी सेन्सरचं नाव काढलं तशी त्यांनी मान हलवली.

"बाई, सेन्सरच्या गाड्या मी नाई पाहात. त्यायच्या डोक्यात काय चालू हाये ते मले दिसत नाई. जीपचं कसं, सारं उघडं राह्यते. तुमी स्कॅनरवाल्याकडं जा."

"जाऊन आली काका. दोन सेन्सर बदलले. पन एक गोष्ट त्यालेबी समजली नाई."

"कोन्ती?"

"सुलटी चढाले झटके मारते. उलटी बरोबर चढते."

काकांची बशी ओठाजवळ थांबली. त्यांनी ती खाली ठेवली. चहा तसाच राहिला.

"काय म्हटलं? परत सांगा बरं."

मी परत सांगितलं. ते प्रश्न विचारत गेले, एकामागून एक, वकिलासारखे. माल भरलेला होता का? होता. दोन्ही वेळी तेवढाच? तेवढाच, एक वांगं कमी-जास्त नाही. रेस तेवढीच? "आवाजावरून सांगते काका, तेवढीच." किती वेळा पाहिलं? चारदा सुलटी, तीनदा उलटी. शेवटच्या उत्तरावर ते उठलेच. दुकानाच्या फळीवर आडवी ठेवलेली एक रिकामी ऑइलची डबी त्यांनी घेतली आणि दोन्ही हातांत धरली.

"हे पाहा. हे इंजिन. खाली रबरावर बसेल हाये. ओझं आलं का ते अस्सं एका अंगावर कलते." त्यांनी डबी कलती केली. "आन् रिव्हर्समंधी? चाकं उलटी, जोर उलटा. मंग ते कलते दुसऱ्या अंगावर. माह्या हातची एक जीप होती, चढावर तिचे दिवेच जायचे. उतारावर परत यायचे. बॅटरीची वायर इंजिनच्या अंगानं ताणून राह्यली होती."

महिनाभर जी गोष्ट कोणाच्या हाती लागत नव्हती ती एका तेलाच्या डबीत दिसत होती.

"म्हंजे सेन्सर चांगला हाये?"

"त्या बिचाऱ्या सेन्सरचा काय गुन्हा? त्याचं बोलनंच वर पोचून नाई राह्यलं." मग ते एकदम थांबले. "पन हे आपुन म्हनून राह्यलो. मीटर काय म्हनते ते पाहू आधी. घ्या गाडी झाडाखाली."

व्हॅनचं इंजिन समोरच्या सीटखाली असतं. काकांनी डाव्या बाजूचं सीट उचललं आणि मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले, तर इंजिन माझ्या मांडीशेजारी उघडं. तीन वायरींचा तो काळा तुकडा मी बोटाने दाखवला आणि मेकॅनिकने सांगितलेलं सगळं सांगितलं. काकांनी डोकं हलवलं आणि आतून एक मीटर आणला. आकड्यांचा नाही, काट्याचा. काच एका कोपऱ्यात तडकलेली.

"आकड्यांचा मीटर हाये माह्यापाशी," ते म्हणाले. "पन आकडे बदलता बदलता त्याचा दम जाते. एवढ्यात झटका येऊन निंगून जाते. काटा लपवत नाई."

त्यांनी टाचण्या मागवल्या. कपलर न सोडता, मागच्या बाजूने वायरीच्या अंगाने एकेक टाचणी आत सरकवली, म्हणजे जोड तसाच राहिला आणि मीटरलाही धरायला जागा मिळाली. इंजिन बंद, फक्त चावी फिरवलेली. पहिल्या टाचणीवर काटा पाचावर जाऊन स्थिर उभा राहिला. दुसरीवर हललाच नाही, ती अर्थिंगची. तिसरीवर जेमतेम अर्धा व्होल्ट.

"आता रेस दाबा. हळू. मुंगीच्या चालीनं."

मी पाय दाबत गेले आणि मीटरच्या काचेकडे पाहत राहिले. काटा माझ्या पायासोबत वर सरकत होता. एक, दोन, तीन, साडेचारपर्यंत. कुठे अडखळला नाही, कुठे उडी नाही. पाय सोडला, तसाच गुमान खाली आला. किती दिवस मी ती रेस दाबत होते, पण तिचा निरोप असा डोळ्यांनी पाहिला नव्हता. मी काकांना न विचारता तीन-चार वेळा परत दाबून पाहिलं.

"कोरा करकरीत सेन्सर हाये," काका म्हणाले.

तोवर दोन जीपचालक आणि काही प्रवासी जमा झाले होते. काकांनी सगळ्यांना गाडीच्या समोरून आणि मागून हटवलं. मागच्या चाकांपुढे लाकडी ठोकळे घातले, हँडब्रेक ओढायला लावला, तो स्वतः ओढून पाहिला. मीटर डॅशबोर्डवर माझ्या समोर ठेवला. टाचणी तिसऱ्या वायरीवर, निरोपाच्या.

"आता चालू करा. पहिला गियर. रेस थोडी द्या आन् क्लच अर्धा सोडा. गाडीनं जोर लावला पाहिजे पन हलली नाई पाहिजे. चढावर हाये असं समजा."

मी चालू केली. रेस दिली, काटा दीडावर गेला. क्लच सोडत आणला. व्हॅन दबली, ठोकळ्यांवर रेटली, आणि माझ्या मांडीशेजारी अख्खं इंजिन एका अंगावर कललं. डोळ्यांनी दिसलं मला. अगदी त्या डबीसारखं! आणि त्याच क्षणी काटा धाडकन शून्यावर आला. इंजिनने गचका दिला.

"पडला!" मी ओरडले. "काका, काटा पडला!"

"क्लच दाब! दाब क्लच!" काकाही ओरडले. मी दाबला. इंजिन सरळ झालं. काटा उडी मारून परत दीडावर.

जमलेले लोक विचारायला लागले, काय झालं, काय पडलं? मी फक्त मीटरकडे बोट दाखवत होते. काकांनी ठोकळे काढून चाकांच्या मागे घातले आणि म्हणाले, "आता रिव्हर्स." मी रिव्हर्स टाकला, तेवढीच रेस, तेवढाच क्लच. इंजिन दुसऱ्या अंगावर कललं. काटा दीडावर होता तो दीडावरच राहिला. मी मनात आकडे मोजत होते, पण तो हललाच नाही.

आता काकांनी टाचणी बदलली. पाच व्होल्ट आणणाऱ्या वायरीवर मीटर लावला, ठोकळे परत पुढे घेतले आणि मला परत पहिला गियर टाकायला सांगितलं. इंजिन कललं, पाचावरचा काटा शून्यावर. सरळ झालं, परत पाच.

"समजलं का तुले?" काका म्हणाले. तुमीवरून ते कधी तूवर आले ते त्यांनाही कळलं नसेल. "निरोपाची वायर चांगली हाये. सेन्सरले जेवनच भेटून नाई राह्यलं तं तो बोलन काय? पाच व्होल्ट येतात ते मधात कुठीतरी तुटून राह्यले."

इंजिन बंद केलं. सेन्सरकडून निघालेला वायरींचा जुडगा इंजिनच्या अंगाने जाऊन एका पट्टीखालून पुढे डॅशबोर्डच्या आत शिरत होता. त्या पट्टीला तो काळ्या प्लास्टिकच्या टायने आवळून बांधलेला होता. मी बोट लावलं, तर जुडगा इतका ताठ की वाजेल. हिवाळ्यात क्लचप्लेट बदलली होती, तेव्हा सगळं खोलून परत बांधलं होतं. ज्याने बांधलं त्याने नीटनेटकं दिसावं म्हणून बांधलं असणार. पण पट्टी गाडीच्या अंगाची, जागची न हलणारी, आणि इंजिन प्रत्येक चढावर हलणारं. महिनोन्महिने ती वायर दोघांच्या मध्ये ताणली जात होती.

काकांनी टाय कापला, वरची टेप सोडली. तिन्ही वायरी मोकळ्या झाल्या. आम्ही दोघांनी पाहिलं, काही दिसेना. तिन्हींचं प्लास्टिक धड, कुठे चीर नाही, घासल्याची खूण नाही. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, परत उतरवला.

"डोयानं नाई दिसत हे. तूच पाह्य, तुही बोटं बारीक हायेत. दोन बाजूनं धर आन् हळूच ओढत जा, चार-चार बोटांवर. आत तांबं हाये तठी वायर ताणत नाई. तांबं तुटलं असन तठी रबरावानी ताणते."

मी सेन्सरपासून सुरुवात केली. धर, ओढ, सोड, पुढे सरक. धर, ओढ, सोड. पहिला वीतभर तुकडा टणक. पुढचाही टणक. टाय होता त्या जागेशी आले, आणि बोटांमध्ये वायर लांबली. सोडली, आखडली. परत ओढली, परत लांबली.

"इथी हाये! काका, इथी!"

"सोडू नको. तशीच धर." त्यांनी चावी फिरवली आणि मीटर माझ्या डोळ्यांपुढे धरला. काटा पाचावर. "आता ओढ."

ओढली, शून्य. सोडली, पाच. ओढली, शून्य. मी किती वेळा केलं ते मोजलं नाही. बाजूला उभा असलेला एक जीपचालक म्हणाला, "मले करू द्या ना एकबार." त्यालाही करू दिलं. मग दुसऱ्याने केलं. बाजारच्या दिवशी पाळण्यापाशी होते तशी गर्दी झाली व्हॅनच्या दारात, आणि मी मधोमध बसून हसत होते. हसू आवरतच नव्हतं. ज्या गोष्टीसाठी मला कॉम्प्युटर बदलायला सांगितला होता ती माझ्या दोन बोटांत होती.

काकांनी बॅटरीचा टर्मिनल सोडला, मग ब्लेडने त्या जागी प्लास्टिक चिरलं. आत तांब्याच्या तारांची दोन टोकं समोरासमोर, हिरवट-काळी पडलेली. स्वस्थ असली की एकमेकांना टेकायची, इंजिन कललं की सुटायची. एवढंच. त्यांनी खराब भाग कापून टाकला, चार बोटं नवी वायर घेतली, दोन्हीकडे सोल्डर केली, वर प्लास्टिकची बारीक नळी, स्लीव, चढवून आगकाडीच्या आचेने आवळली. शेजारच्या दोन वायरीही ओढून तपासल्या. मग जुडगा मुद्दाम ढिला सोडला, इंजिनसोबत हलेल असा, आणि टाय परत लावला नाही.

"रबरबी नरम पडले हायेत इंजिनचे," ते म्हणाले. "लय कलते म्हनून. यात्रा झाली का ते बदलून घेजो."

बॅटरी थोडा वेळ तशीच सुटी ठेवली, म्हणजे गाडी जुनी तक्रार विसरेल. परत जोडली, चालू केली. पिवळा दिवा लागला आणि विझला, नेहमी चालू करताना विझतो तसा.

पण रिकाम्या गाडीची परीक्षा काय कामाची? ती रिकामी असताना कधी रुसलीच नव्हती. मी म्हटलं, "काका, ओझं पाहिजे." काका वळले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "बसा रे सारे!"

दोन जीपचालक बसले. जीपची वाट पाहणारे चार-पाच जण मागे मांडी घालून बसले, गुडघ्याला गुडघा लावून. एक म्हातारी पिशवी घेऊन आली. "कुठी चालली वं गाडी?" तिने विचारलं. "चढावर," मी म्हटलं. "मंग मले घ्या," म्हणत तीही चढली. काका डाव्या सीटवर बसले, सीट जागेवर बसवलं होतं, पण टाचणी आणि मीटरच्या वायरी त्यांनी तशाच बाहेर ठेवल्या होत्या. मीटर त्यांच्या मांडीवर.

गावाबाहेर नाल्यावरून रस्ता वर चढतो तिथे मी गाडी थांबवली. पहिला गियर टाकला. मी रेस दिली आणि क्लच सोडला. व्हॅन दबली, इंजिन कललं असणार, मला पायाखाली कळलं, आणि ती चढायला लागली. मी आणखी दाबली. चढत राहिली. दुसरा गियर. माझे डोळे रस्त्यावर, पण कान काकांकडे.

"पाच," काका म्हणत होते. "पाच. पाच. पाच हाये. पाच!"

वर पोचलो तेव्हा मागे टाळ्या पडल्या. म्हातारीने विचारलं, "काय झालं बाप्पा, पोचलो का?" मी गाडी वळवली, खाली आणली, आणि परत चढवली, कारण एकदा चढणं मला पुरेसं वाटेना. त्या वेळीही पाच. काकांनी मीटर मांडीवरून उचलून डॅशबोर्डवर ठेवला आणि पालथ्या हाताने डोळे पुसले. घाम होता म्हणाले. ऊन होतंच तसं.

"चाळीस वर्सं जीपा केल्या," ते म्हणाले. "सेन्सर म्हटलं का मी गाडी परत धाडत होतो. आजपासून नाई धाडत."

सगळ्यांना दुकानापाशी सोडून घरी आले, सकाळची वांगी परत भरली आणि पांदणीच्या चढाला व्हॅन सुलटी लावली. नवरा धुऱ्यावर उभा होता, पण या वेळी हात हलवत नव्हता, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाहत होता. चढून वर गेले, तसा तो खालून ओरडला, "काय निंगालं?"

"एक वायर!"

"बस? एकच?"

"एकच! अन् तेबी आतून!"

दुपारभर आम्ही उरलेली वांगी, टमाटे, मिरच्या भरल्या. सांबाराच्या जुड्या शेवटी, ओल्या फडक्यात. पहाटे निघालो. नवरा माझ्याशेजारी बसला, ट्रक आला की खिडकीबाहेर पाहायचा. मंगरुळपीर मागे पडलं, मानोऱ्याच्या पुढे रस्त्यावर लोक दिसायला लागले. पायी चाललेली कुटुंबं, डोक्यावर गाठोडी, लाल-पिवळ्या फेट्यांची माणसं, आरसे लावलेले घागरे, जीपांच्या टपावर बसलेली पोरं. गर्दीत गाडी थांबायची, परत हलायची, चढावर थांबायची, परत हलायची. दर वेळी मी क्लच सोडताना पायाने ऐकत होते. दर वेळी ती निघाली.

पोहरादेवीला पोचलो तेव्हा मंडपामागे चुली नुकत्या पेटल्या होत्या. स्वयंपाक्यांनी कॅरेट उतरवून घेतले. एका कॅरेटमधले टमाटे हातात घेऊन मुख्य स्वयंपाकी म्हणाला, "बाई, एकबी फुटला नाई."

मी बाजूला जाऊन काकांना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"पोचली का?"

"पोचली काका."

"झटका?"

"एकबी नाई."

"दिवा?"

"नाई लागला."

मग फोन तोंडापासून दूर धरून ते दुकानातल्या लोकांना मोठ्याने सांगत होते ते ऐकू आलं, "अबे, पोचली ना ते पोहरादेवीले! भरेल गाडी घेऊन पोचली!" आणि मागे कोणीतरी जीपचा हॉर्न वाजवला, लांबलचक.

मी फोन ठेवला. मंडपात बाया वांग्यांच्या ढिगाभोवती गोल करून बसल्या होत्या आणि एक विळी रिकामी होती. मी पदर खोचला आणि जाऊन बसले.